खडकावरचा काळा पट्टा

ब्रिटनच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांवर रंगांचे तीन पट्टे दिसतात : वर करडा, मध्ये नारिंगी आणि भरतीरेषेजवळ काळा. काळा पट्टा पाहून अनेकांना तो सांडलेल्या तेलाचा डाग वाटतो. प्रत्यक्षात तो सजीव आहे. हे तिन्ही पट्टे शैवाकांचे, म्हणजे लायकेनचे आहेत. आपल्या मसाल्यातील दगडफूल याच गटातले.

शैवाक म्हणजे कवक आणि शैवल यांचे सहजीवन. कवक निवारा देते, शैवल प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करते. ही कल्पना श्वेंडेनर यांनी १८६७ साली मांडली. शैवाकाचे शास्त्रीय नाव मात्र त्यातील कवकाचे असते.

काळे शैवाक ओळखायचे कसे? प्रथम जागा पाहावी : भरतीचे पाणी व तुषार पोहोचतात तिथला खडक. मग भिंगातून पाहावे. खडकाला घट्ट चिकटलेले, भेगाळलेले काळे कायक आणि त्यावर बारीक उंचवटे दिसतात. या उंचवट्यांत बीजाणू तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते एकपेशीय व रंगहीन दिसतात. शेजारच्या नारिंगी शैवाकावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, तर ते जांभळट लाल होते. हळदीत चुना घातल्यावर ती लाल होते, तसाच हा रंगबदल आहे. काळ्या शैवाकात तो दिसत नाही.

या जातीला १८०३ साली 'व्हेरुकेरिया मौरा' हे नाव मिळाले. लॅटिनमध्ये 'व्हेरुका' म्हणजे चामखीळ. हे नाव उंचवट्यांवरून पडले. परंतु चामखिळीसारखे उंचवटे अनेक शैवाकांना असतात. डीएनएच्या तुलनेतून त्यांचे नाते एकसारखे जवळचे नाही असे दिसले आणि २००९ साली ही जाती 'हायड्रोपंक्टेरिया' या नव्या प्रजातीत गेली. कायकातील काळ्या ठिपक्यांची दखल या नावात आहे. पुढे २०१२ साली वायव्य युरोपातील नमुन्यांतून 'ओशिॲनिका' आणि 'ओरी' या दोन नव्या जाती वेगळ्या काढल्या गेल्या. डोळ्यांना त्या जवळजवळ सारख्याच दिसतात.

मग 'मौरा' म्हणून केलेल्या जुन्या नोंदी नेमक्या कोणत्या जातीच्या? नुसत्या यादीवरून हे सांगता येत नाही. नमुना जपून ठेवला असेल, तरच तो पुन्हा तपासता येतो. म्हणून विद्यार्थ्यांना नाव पाठ करायला लावण्यापेक्षा नमुन्यासोबत ठिकाण, तारीख आणि खडकावरील उंची लिहून ठेवायची सवय लावावी. वर्गीकरण बदलले तरी ही नोंद उपयोगी पडते.