फक्त डोळे हलतात तेव्हा

घरातील कोणाला तरी हे पान वाचावयास द्या आणि समोर बसून त्यांचे डोळे पाहा. नजर ओळीवरून सरकत नाही, उड्या मारते, सेकंदाला तीन-चार. मेंदूच्या बुडाशी पक्षाघाताचा मोठा झटका बसला, तर कधी कधी हातपाय आणि वाचा जाते, शुद्ध मात्र शाबूत राहते. डोळे तेवढे वर-खाली हलतात. अशा रुग्णाची तीच वाणी.

नजर टिपणारी यंत्रे आता निघाली आहेत. डोळ्यापुढे न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे बारीक दिवे असतात. बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर त्यांचा ठिपका चमकतो. डोळा फिरला की बाहुली बरीच सरकते, ठिपका कमी. त्या फरकावरून नजर कळते. 2024 साली आलेल्या ॲपलच्या ‘व्हिजन प्रो’ या डोक्यावर चढवावयाच्या चष्म्यातही हीच सोय आहे. आपल्याला रेखीव दिसते ते नजरेच्या मध्यावरील दोनेक अंशांत. म्हणून चष्मा तेवढेच चित्र रेखीव काढतो, बाकीचे पुसट ठेवतो आणि वीज वाचवतो.

पण नजर टिपणारा कॅमेराच सेकंदाला शंभरेक चित्रे काढून तपासू लागला, तर चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! त्यामुळे दिवा चित्र घेण्याच्या क्षणापुरताच लावतात, किंवा कॅमेरा काढून नुसता उजेड मोजणारे मोजके संवेदक बसवतात. यात डोळ्याचेही हित आहे. अवरक्त प्रकाश दिसत नाही, म्हणून त्याने बाहुली आकसत नाही की पापणी मिटत नाही. तो मंदच हवा. शिवाय कपाळावरचे यंत्र तापते, आणि अकोल्याचा मे महिना आपण जाणताच. उन्हातही अवरक्त किरण भरपूर असल्याने ओसरीवर हे यंत्र गडबडते. काजळ घातले तरी तेच!

कमी विजेचा धडा नाशिकचे डॉ. रमेश रासकर यांच्याकडून घ्यावा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या रासकरांनी 2010 साली अमेरिकेतील एमआयटीत ‘नेत्रा’ हे उपकरण सहकाऱ्यांसह तयार केले. मोबाईलच्या पडद्यावर एक स्वस्त भिंग बसवायचे, रुग्णाने त्यातून पाहून रेघा जुळवायच्या, की चष्म्याचा नंबर कळतो. मोजण्याचे काम रुग्णाचा डोळाच करतो. निराळा कॅमेरा नको, लेसर नको.

घरी रुग्ण असेल तर यंत्रासाठी अडून बसू नका. अमरावती-अकोल्यात स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा पारदर्शक प्लास्टिकचा कागद घ्या. त्याच्या कडांवर क, च, ट, त, प हे वर्ग व उरलेली अक्षरे गटागटाने लिहा. कागद मध्ये धरून पलीकडून रुग्णाची नजर पाहा: आधी गट, मग अक्षर. डोळे वर-खालीच हलत असतील, तर आपण एकेक गट मोठ्याने म्हणावा आणि हवा तो आला की रुग्णाने वर पाहावे. ‘हो’ आणि ‘नाही’ची खूण मात्र पहिल्याच दिवशी ठरवा व लिहून खाटेच्या उशाशी लावा, म्हणजे रात्री जागणाऱ्यालाही ती कळेल.