फवारणीचे दिवस आणि स्मरणशक्तीची गोळी

नारायणगावच्या परिसरात टोमॅटोचे प्लॉट आणि द्राक्षबागा अनेक घरांना खेटून आहेत. फवारणीच्या दिवसांत औषधाचा वास ओसरीवरच्या आजोबांपर्यंत आणि अंगणात रांगणाऱ्या नातवापर्यंत सहज पोहोचतो. या दोघांची विशेष काळजी का घ्यावी, याचे उत्तर मेंदूतील एका विकरात, म्हणजेच एन्झाइममध्ये आहे.

ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे त्याचे नाव. मेंदूतील अनेक पेशी ॲसिटिलकोलिन या रसायनाद्वारे निरोप पाठवतात. निरोप पोहोचला की हे विकर त्या रसायनाचे तत्काळ विघटन करते. मेंदूत त्याची क्रियाशीलता सर्वत्र सारखी नसते. हालचालींचे नियमन करणाऱ्या, खोलवरच्या स्ट्रायटममध्ये ती फार मोठी. बाहेरच्या कॉर्टेक्समध्ये त्या मानाने बरीच कमी. गर्भावस्थेपासून बालपणापर्यंत, पेशींची जोडणी होत असताना, ती वाढत जाते.

अल्झायमरमध्ये ॲसिटिलकोलिन तयार करणाऱ्या पेशी क्षीण होतात. डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्मिन ही औषधे या विकराचा वेग कमी करतात, म्हणून उरलेले रसायन अधिक काळ टिकते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके याच विकराला जखडतात. मात्र त्यांना मात्रेचे बंधन नसते आणि ती पकड सहज सुटत नाही. त्यामुळे गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांवर दोन्ही परिणामांची बेरीज होऊ शकते. तान्ह्या बाळाच्या रक्तात यांपैकी काही विषांचे विघटन करणारे विकरही कमी असते.

मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर 2005 पासून बंदी आहे. ट्रायझोफॉस आणि फोरेट 2020 अखेर बंद झाले. तरीही या गटातील इतर औषधे वापरात आहेत. म्हणून फवारणीच्या वेळी ज्येष्ठांना व मुलांना घरात, वाऱ्याच्या उलट बाजूच्या खोलीत बसवावे. फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत. औषध पाण्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. स्मरणशक्तीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. घराजवळ फवारणी होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

लाळ गळणे, दरदरून घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, उलट्या-जुलाब, छातीत घरघर ही लक्षणे एकत्र दिसली तर ‘वयामुळे होत असेल’ असे म्हणून थांबू नका. कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवा, 108 क्रमांकावर फोन करा आणि औषधाचा डबा लेबलासह रुग्णालयात न्या. ॲट्रोपिनसारखा उतारा वेळेवर मिळाला तर प्राण वाचतात.