हापूसला मोहोर आणणारे औषध

पावसाळ्यात आंब्याच्या बुंध्याभोवती औषध घातले की हिवाळ्यात झाड मोहोरते, हे दासगाव-महाडकडील पुष्कळ मुलांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. हे औषध खत नव्हे, कीटकनाशकही नव्हे. मग ते करते तरी काय?

याचे उत्तर शोधण्यास भाताच्या खाचरात उतरले पाहिजे. जपानात भाताची काही रोपे एकाएकी इतरांच्या वर डोके काढीत, फिकी पडत व बहुधा दाणा न धरताच मरत. तेथील शेतकरी त्यांस ‘मूर्ख रोपे’ म्हणत. हा रोग एका बुरशीचा. १९२६ साली कुरोसावा या शास्त्रज्ञाने दाखविले की, बुरशी गाळून काढून नुसता तिचा रस दिला तरी रोपे तशीच उंच वाढतात. त्या रसातील द्रव्यास पुढे जिबरेलिन हे नाव मिळाले. आणि नवल असे की, निरोगी झाडेही ते अत्यल्प प्रमाणात स्वतःच तयार करतात, हे नंतर कळून आले. झाडाच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागास पोहोचविणाऱ्या अशा द्रव्यांस संप्रेरके म्हणतात.

१९५५ साली अमेरिकेत स्कूग व मिलर यांच्या प्रयोगशाळेत काइनेटिन हाती लागले. तोडलेले पान थोड्याच दिवसांत पिवळे पडते. पण त्यावर काइनेटिनचा थेंब ठेवला तर तेवढाच ठिपका हिरवा राहतो. म्हातारपण लांबले खरे, पण कोणाच्या जिवावर? शेजारच्या भागातील अन्नरस त्या ठिपक्याकडे ओढला जातो! संप्रेरक अन्न निर्माण करीत नाही. असलेले अन्न कोठे जावे, एवढेच ते ठरविते.

आता आपल्या आंब्याकडे येऊ. हापूस एक वर्ष भरभरून फळतो व दुसऱ्या वर्षी रुसतो, ही कोकणची जुनी तक्रार. पॅक्लोब्युट्राझॉल हे कृत्रिम द्रव्य, ज्यास बागायतदार ‘कल्टार’ म्हणून ओळखतात, झाडात जिबरेलिन तयार होऊ देत नाही. म्हणजे जपानी रोपाच्या अगदी उलट प्रकार. पालवीचा जोर ओसरतो आणि झाड मोहोराकडे वळते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९७२ साली झाली, हापूसवर प्रयोग करून याची मात्रा सांगितली आहे: पर्णभाराच्या व्यासाच्या दर मीटरला मूळ द्रव्य पाऊण ग्रॅम, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. पाच मीटर विस्ताराच्या झाडास पावणेचार ग्रॅम झाले. एवढ्याने सबंध वृक्ष ऐकतो!

ऐकतो म्हणूनच भीती वाटते. हे द्रव्य मातीत दीर्घकाळ टिकते. मात्रा वाढविली तर पालवी खुरटते, मोहोराचे तुरे आखूड व दाट होतात. आणि खत न मिळालेले झाड दरवर्षी फळू लागले की आपल्या साठ्यातूनच खर्च करीत राहते. कराराने बाग घेणाऱ्या व्यापाऱ्याची दृष्टी बहुधा यंदाच्या फळावर असते. त्यात त्याला दोष देण्याचे कारण नाही, कारण झाड त्याचे नव्हे. अशक्त वा कोवळ्या झाडास हे औषध घालूच नये, आणि ज्यास घातले त्यास नेहमीहून अधिक खत द्यावे. तेव्हा औषध घालावयाचे की नाही, किती घालावयाचे व खताचा खर्च कोणी सोसावयाचा, हे पालकांनी झाडे देण्यापूर्वीच ठरवून करारात लिहून घ्यावे. मातीत गेलेले औषध परत काढून घेता येत नाही.