शिरपूर पॅटर्न: पोकलेन सगळ्यांना दिसलं, भूगर्भ कुणाला?

धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातल्या रुंद केलेल्या एखाद्या नाल्यात उन्हाळ्यात उतरून कडेची भिंत पाहावी. वर काळी कसदार माती. तिच्याखाली पिवळी, चिकण माती. ओली असली की पायाला चिकटून येते, वाळली की ढेकूळ फुटता फुटत नाही. आणि त्याच्याही खाली वाळू, गोटे. सुरेश खानापूरकरांचं सगळं म्हणणं या मधल्या पिवळ्या थराभोवती फिरत होतं.

खानापूरकर भूवैज्ञानिक. भूजल सर्वेक्षण यंत्रणेतून निवृत्त झाल्यावर २००४ पासून त्यांनी शिरपुरात काम मांडलं. आमदार अमरीशभाई पटेलांचं पाठबळ आणि प्रियदर्शिनी सूतगिरणीचा पैसा त्यामागे उभा राहिला. तालुक्यात पाऊस सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे हेक्टरी ६० लाख लिटर पाणी. आकडा लहान नाही, तरी विहिरी आटलेल्या आणि बोअर दरवर्षी आणखी खोल चाललेले. मग हे पाणी जातं कुठे?

उत्तर तापीच्या खोऱ्याच्या घडणीत आहे. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्ट या काळ्या खडकाचा. शिरपुरात मात्र सातपुड्याच्या बाजूला बेसॉल्ट आणि तापीकडे शेकडो फूट जाडीचा गाळ. सातपुड्याची झीज होऊन अनेर, अरुणावतीसारख्या नद्यांनी वाहून आणलेलाच हा माल आहे. त्यातल्या वाळू-गोट्यांत पाणी साठायला जागा भरपूर, पण वरचा चिकण थर पाण्याला खाली जाऊ देत नाही. दोन तास धो-धो पाऊस पडतो, नाला दुथडी वाहतो आणि पाणी तापीला मिळून गुजरातेत जातं.

खानापूरकरांनी हा थरच कापला. नाले २०-३० मीटर रुंद केले, काही ठिकाणी १०-१५ मीटर खोल नेले आणि त्यांवर ओळीने सिमेंटचे बंधारे बांधले. दारं नाहीत, सांडवा नाही. जास्तीचं पाणी सरळ माथ्यावरून पुढच्या बंधाऱ्यात. धरणाचं जादा पाणी गाळून कोरड्या विहिरींतही सोडलं. विहिरींना पाणी आलं, बागायत वाढली आणि राज्यभरातून गाड्या भरून लोक ‘पॅटर्न’ बघायला येऊ लागले.

बघणाऱ्यांना दिसलं ते पोकलेन. २०१४ च्या अखेरीस राज्य सरकारचं जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं, तेव्हा नाला खोलीकरणाचा धडाका लागला तो असाच. आता एक साधा हिशेब करू. भूजल मोजणीच्या केंद्रीय निकषांनुसार वाळूमिश्रित गाळातून मिळू शकणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण १६ टक्के, बेसॉल्टमध्ये जेमतेम २ टक्के. पातळी एक मीटर वाढली, तर गाळाच्या हेक्टरभर जमिनीत १६ लाख लिटर साठतात आणि बेसॉल्टच्या हेक्टरात २ लाख. डिझेल मात्र दोन्हीकडे सारखंच जळतं. शिवाय कठीण खडकाच्या मुलखात खोल खणताना उथळ पाणी उघडं पडलं, तर ते उन्हात उडतं आणि शेजारच्या विहिरीतलंही चरात उतरतं. अर्थतज्ज्ञ प्रा. एच. एम. देसरडा असल्या अशास्त्रीय कामांविरुद्ध उच्च न्यायालयात गेले, त्याला असा आधार होता. शिरपूरचं काम चुकीचं होतं असं मला वाटत नाही. ते शिरपूरचं होतं, एवढंच.

दुसरी गोष्ट मातीची, आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष गेलं. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला ९ मीटरच्या वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या वावरातले कण सुटतात, बारीक माती भेगा बुजवते, मग पाणी मुरण्याऐवजी पळू लागतं आणि पळताना आणखी माती उचलतं. देशात दरवर्षी हेक्टरी सरासरी १६.४ टन माती आपली जागा सोडते, असा अंदाज ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये मांडला होता. ती बंधाऱ्यात थांबली, की तळाशी पुन्हा चिकण थर. लाखो रुपये खर्चून जो कापला, तोच पावसाळ्यागणिक नव्याने बसत जातो. दारं नसलेल्या बंधाऱ्यातून गाळ आपणहून बाहेर पडत नाही. तो उपसावाच लागतो, आणि त्याचा खर्च उद्घाटनाच्या फलकावर कधी लिहिलेला नसतो.

म्हणून ‘माथा ते पायथा’ हा पाणलोटाचा जुना क्रम सोडून चालत नाही. त्यासाठी लांब जायलाही नको. याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी आधी जंगल राखलं, कुऱ्हाडबंदी पाळली, उतारावर चर खणले. विहिरींचं पाणी त्यातून आलं. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. शिरपूरच्या बंधाऱ्यांच्या वर, सातपुड्याच्या उतारांवर असं काम जितकं होईल, तितका खाली गाळ उपसायचा खर्च वाचेल.