कार्ल्याच्या पायथ्याची भाषा कोण ऐकणार?

काही वर्षांपूर्वी मावळातल्या एका जमिनीच्या दाव्यात आम्ही कातकरी वाडीच्या वतीने उभे होतो. लोणावळ्याजवळ डोंगराच्या उतारावर पंधरा-वीस झोपड्यांची ही वाडी. सातबारा दुसऱ्याच्याच नावावर झालेला आणि नव्या मालकाला तिथे बंगले बांधायचे होते. आमची साक्षीदार साठीच्या घरातली बाई. उलटतपासात समोरच्या वकिलांनी विचारले, "या जागेवर तुझी वहिवाट किती वर्षांची?" बाई जरा थांबली. मग म्हणाली, "वाट वढ्याकडनं जाते. पावसात बुजते." कोर्टात हशा पिकला. नोंदीत मात्र वाक्य आले, "माझी वहिवाट किती वर्षांची आहे हे मला सांगता येणार नाही."

'वहिवाट' हा आमच्या रोजच्या वापरातला शब्द. बाईने त्यातली फक्त 'वाट' ऐकली आणि वाटेबद्दल प्रामाणिकपणे सांगितले. फेरतपासात आम्ही विचारले, "बाई, तुमच्या दारातला आंबा कोणी लावला?" ती लगेच म्हणाली, "सासऱ्यानं. माझं लगीन व्हायच्या आदी." दोन्ही बाजूंचे वकील एकमेकांना 'आपण' म्हणत होते आणि सासूच्या वयाच्या त्या बाईला सगळे 'तू' म्हणत होते, हेही त्या दिवशी आम्ही पाहिले. त्या आंब्याच्या आधाराने वाडी तूर्त वाचली.

पण आमच्या मनाला टोचणी लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात ती बाई आपल्या जावेशी मोकळेपणाने बोलत होती. आम्ही जवळ गेलो तशा दोघी गप्प झाल्या आणि मग जपून, शब्द निवडत मराठीत बोलू लागल्या. त्यांच्या सोबत आलेल्या नातवंडांशी तर त्या पहिल्यापासून मराठीतच बोलत होत्या. आम्ही विचारले, पोरांशी तुमच्या बोलीत का बोलत नाही? जाऊ म्हणाली, "नको साहेब. शाळेत हसतात." इतक्या वर्षांत त्या वाडीचे वकीलपत्र आम्ही घेतले, पण त्यांच्या भाषेतली चार वाक्ये शिकलो नव्हतो. हा आमचाही दोष आहे.

भाषा कशी मरते, असा प्रश्न विद्वान मंडळी विचारतात. ती अशी मरते. आजी नातवाशी तिच्यात बोलायचे थांबते त्या दिवशी तिच्या मरणाला सुरुवात होते. पुढे शेवटची म्हातारी जाते तेव्हा बातमी छापून येते इतकेच.

जगात आज सुमारे ७,००० भाषा बोलल्या जातात आणि त्यांतल्या चाळीस टक्क्यांच्या आसपास धोक्यात आहेत, असे युनेस्को सांगते. २६ जानेवारी २०१० रोजी, आपल्या प्रजासत्ताकाच्या हीरक वर्षाच्या दिवशी, अंदमानात बोआ सीनिअर नावाच्या वृद्धेचे निधन झाले. 'बो' ही भाषा बोलणारी ती शेवटची व्यक्ती होती. आयुष्याच्या अखेरच्या काळात तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारे कोणी उरले नव्हते. १८५८ साली इंग्रजांनी अंदमानात कैद्यांची वसाहत उभारली, तेव्हा तिथल्या ग्रेट अंदमानी टोळ्यांची संख्या हजारांत होती. बाहेरून आलेल्या साथी, हिसकावलेली जंगले आणि सक्तीच्या वसाहती यांत माणसेच संपत गेली. माणसांपाठोपाठ भाषा संपली.

आमच्या मावळात काय घडले? कातकरी हे नावच कातावरून आले. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी, काथोडी. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले सरकारची झाली आणि खैरावर कुऱ्हाड चालवणे हा गुन्हा ठरला. धंदा गेला तसे लोक कोळसाभट्टीवर, मग वीटभट्टीवर गेले. पुढे धरणे आली, द्रुतगती मार्ग आला, फार्महाऊस आली. वर्षातले सहा-सात महिने भट्टीवर काढणाऱ्या कुटुंबाला गाव नाही, शाळा नाही. भट्टीवर मालकाची भाषा चालते. जंगलातल्या कंदांची, खेकड्यांची, पाखरांची नावे ज्या भाषेत आहेत ती जंगलाबाहेर कोणाच्या कामाची? महाराष्ट्रात केंद्र सरकारने ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत धरले आहे, त्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. जमात असुरक्षित आहे हे सरकार मान्य करते. तिची भाषा असुरक्षित आहे हे कोणत्या फायलीत लिहिले आहे?

काही जण म्हणतील, कातकरी ही भाषा नव्हेच, ती मराठीची बोली आहे. हा युक्तिवाद आम्हाला नवा नाही. आमच्या वस्त्यांतल्या बोलीलाही कालपर्यंत 'अशुद्ध' म्हणत होते. 'न' आणि 'ण'वरून आमच्या पिढीने शाळेत छड्या खाल्ल्या आहेत. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली, आणि जी बोली तोंडातून काढायची लाज वाटत होती ती छापील पानावर ताठ मानेने उभी राहिली. ही लाज समाजाने लादलेली असते आणि समाजच ती झुगारू शकतो, हे आम्ही अनुभवाने जाणतो. कातकऱ्याच्या पोराला तो अनुभव अजून मिळालेला नाही.

आता जरा वर, कार्ल्याच्या लेण्यांकडे पाहू. रविवारी एकवीरेच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. देवळाला लागूनच दोन हजार वर्षांपूर्वीचे चैत्यगृह आहे आणि त्याच्या भिंतींवर, खांबांवर ब्राह्मी लिपीत लेख कोरलेले आहेत. भाषा आहे प्राकृत. वैजयंतीचा सेठी भूतपाल सांगतो की हे शैलगृह आपण पूर्ण केले. धेनुकाकटाहून आलेल्या यवनांनी खांब दान दिले. एका गंध विकणाऱ्याचे दान आहे, एका भिक्खुणीचे आहे आणि दरवाजा घडवणाऱ्या सुताराचेही नाव आहे. त्या लेखात सुताराला 'वढकी' म्हटले आहे, आमच्या विदर्भातले 'वाढई' आजही तेच नाव लावतात. लेखातले 'घर' तर आमच्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. इथल्याच एका लेखात 'मामाल' आहाराचा, म्हणजे प्रशासकीय विभागाचा, उल्लेख आहे. 'मावळ' हे त्याच नावाचे रूप मानले जाते.

पुढच्या काळातल्या संस्कृत नाटकांत राजा आणि पुरोहित संस्कृत बोलतात, बायका आणि नोकरचाकर प्राकृत. मावळच्या दगडावर मात्र सुतार आणि भिक्खुणी आपल्या भाषेत आपले नाव कोरून गेले. त्यासाठी त्यांना कोणाची परवानगी लागली नाही.

प्राकृत आज कोणी बोलत नाही. पण तिचे मरण आणि कातकरीचे मरण एका जातीचे नाही. प्राकृत तोंडातोंडी बदलत गेली आणि तिची लेक म्हणून मराठी आली. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाखांवर होते. इथे आजीची भाषा नातीच्या तोंडी उतरली, बदललेल्या रूपात का होईना. कातकरीच्या बाबतीत आजी गप्प बसते आणि नात दुसऱ्याची भाषा घेते. पहिला बदल काळाचा आहे, दुसरा अन्यायाचा.

लिपीचे मात्र वेगळे झाले. ब्राह्मी वाचणारे संपले. कित्येक शतके लोक या लेखांसमोरून ये-जा करत राहिले आणि कोणाला अक्षर लागले नाही. ज्यांनी लेणी खोदली, ज्यांनी दान दिले, त्यांची नावे समोर असूनही महाराष्ट्रात ठिकठिकाणी लेण्यांना 'पांडवलेणी' हे नाव पडले. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली तेव्हा दगड पुन्हा बोलू लागला. बाबासाहेबांनी आयुष्याच्या धकाधकीत पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर मेहनत घेतली, त्यामागे हीच जाणीव होती असे आम्ही मानतो. ज्या समाजाला आपल्या पूर्वजांचे लिहिलेले वाचता येत नाही, त्याचा इतिहास दुसरा कोणी सांगतो. पण कातकरीचे लेख कोणत्याही दगडावर नाहीत. ती गेली तर प्रिन्सेपलाही वाचण्यासारखे काही उरणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली आणि प्राकृत यांना अभिजात भाषेचा दर्जा दिला. आम्हाला आनंद झाला. मग २०२५ साल उजाडले. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी आली, महाराष्ट्र पेटला आणि २९ जूनला सरकारने तिसऱ्या भाषेबाबतचे दोन्ही निर्णय मागे घेतले. त्या लढ्यात आम्हीही होतो. आमचे म्हणणे होते, सहा वर्षांच्या मुलावर परकी भाषा लादू नका. बरोबर होते. पण त्या सगळ्या सभांमध्ये कातकरी वाडीतल्या सहा वर्षांच्या मुलाची आठवण कोणाला झाली? त्याला तर मराठीच परकी आहे. पहिल्या दिवशी बाई काय म्हणतात ते कळत नाही म्हणून तो गप्प बसतो, गप्प बसतो म्हणून 'मंद' ठरतो आणि मंद ठरला की भट्टीवर जातो. स्वतःसाठी मागितलेला न्याय पायरीखाली उभ्या असलेल्याला नाकारायचा, ही रीत आम्ही दुसऱ्यांची ओळखतो. आपली कधी ओळखणार?

कायदा अगदीच मुका नाही. संविधानाचे कलम २९ प्रत्येक समूहाला आपली भाषा, लिपी, संस्कृती जतन करण्याचा हक्क देते. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेले कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याला प्रयत्न करायला सांगते. आरोपीला न समजणाऱ्या भाषेतला पुरावा त्याला समजेल अशा भाषेत सांगितला पाहिजे, ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. पण आमच्या बाईसारख्या दिवाणी दाव्यातल्या साक्षीदाराचे काय? तिथे दुभाषा मागायचे भान आधी वकिलाला हवे.

म्हणून काही सूचना. १९७१ पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी लोकांची भाषा यादीत स्वतंत्र दाखवली जात नाही. आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून जनगणना जाहीर झाली आहे. मावळ, मुळशी, खालापूर, कर्जतच्या कार्यकर्त्यांनी वाड्यावाड्यांवर जाऊन सांगावे की मातृभाषेच्या रकान्यात 'कातकरी' लिहून घ्या, प्रगणक 'मराठी' लिहू लागला तर हटकून दुरुस्त करा. दुसरे, न्यूझीलंडच्या माओरींनी १९८२ पासून आपल्या तान्ह्या मुलांना आजी-आजोबांच्या हाती सोपवून भाषा परत आणायला सुरुवात केली, १९८७ साली कायद्याने तिला राजभाषा करून घेतले. आपल्याकडे अंगणवाड्या आहेतच. वाडीतली आजी मानधन देऊन तिथे बसवा, एवढीच मागणी आहे. तिसरे आमच्या वकील बांधवांसाठी. ज्या तालुक्यात आपण काम करतो तिथल्या वाडीची भाषा कानावर घ्या, दुभाषा मागा, आणि साक्षीदाराला 'तुम्ही' म्हणा.

मे महिन्यात लोणावळ्याच्या जुन्या रस्त्याला कातकरी बाया करवंदे, जांभळे घेऊन बसतात. पर्यटक गाडीतूनच भाव विचारतात. आम्ही हल्ली तिथे उतरतो आणि एकेका फळाला त्या काय म्हणतात ते विचारतो. पहिल्यांदा त्या हसून मराठी नाव सांगतात. पुन्हा विचारले की एकमेकींकडे बघतात, आणि मग हळू आवाजात आपले नाव सांगतात. ते आम्ही वहीत लिहून घेतो. त्या दाव्यातल्या बाईची धाकटी नात मागच्या खेपेला शेजारी बसली होती. आजीने सांगितलेला शब्द तिलाही नवा होता. तिने तो दोनदा म्हणून पाहिला.