घाटमाथ्यावरील एकाकी घर

डोंगराची रांग ओलांडावयाची तर मनुष्य शिखराच्या वाटेस जात नाही. दोन शिखरांमधील खोलगट जागा, म्हणजे खिंड, तो शोधतो. वाऱ्याचीही रीत तीच आहे. रांगेने अडविलेला वारा खिंडीतून वेगाने घुसतो, वर चढताना प्रसरण पावून थंड होतो आणि त्यातील बाष्पाचे धुके, पाऊस किंवा हिम बनते. म्हणून जी जागा ओलांडण्यास सोयीची, तीच थांबण्यास कठीण असते. वाटसरूचे प्राण वाचावयाचे तर तेथे निवारा हवाच.

आल्प्स पर्वतात, स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवर, ग्रेट सेंट बर्नार्ड ही खिंड २,४६९ मीटर उंचीवर आहे. तेथील धर्मशाळा ११व्या शतकापासून प्रवाशांना आसरा देत आली आहे. झाशीसारख्या सपाटीवरील नगरात पाणी सुमारे ९९ अंश सेल्सिअसला उकळते. तेथे हवेचा दाब कमी असल्यामुळे ते सुमारे ९२ अंशांसच उकळते, आणि अन्न शिजण्यास अधिक वेळ लागतो. १९६४ साली डोंगराखालून बोगदा खुला झाला. तरी हिवाळ्यात बर्फावरून येणाऱ्यांसाठी धर्मशाळेचे दार आजही उघडे असते.

आपल्याकडील जवळचे उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ असलेला नाणेघाट. कोकणातून चढणाऱ्या या वाटेच्या माथ्याशी सातवाहनांनी सुमारे २,००० वर्षांपूर्वी खडकात लेणे खोदविले. आत बसण्यासाठी दगडी ओटे असून भिंतींवर राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. त्यात प्राचीन अंकही आढळतात. येथे हिमाचे भय नाही. पावसाळ्यात मुसळधार पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्याची वाण, हे येथील संकट. उतारावरील कातळ पाणी मुरू देत नाही, ते वाहून जाते. परंतु त्याच अभेद्य कातळात टाकी खोदली, की पावसाचे पाणी त्यांत महिनोन्‌महिने टिकते.

अशी घरे ज्ञानासही आश्रय देतात. सेंट बर्नार्डच्या धर्मशाळेत १८१७ पासून हवामानाच्या नोंदी ठेवल्या जात आहेत. नाणेघाटाचे लेणे १८२८ साली पाहणाऱ्या विल्यम साइक्स यांनीही दख्खनच्या हवेचा दाब व पर्जन्य यांची निरीक्षणे केली होती; ती १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केली. पृथ्वीचे तापमान किती वाढले, हे आज आपण सांगू शकतो, ते अशाच दीर्घकालीन नोंदींच्या आधारे. थंडीवाऱ्यात नित्यनेमाने तापमापक वाचणाऱ्या त्या घरच्या रहिवाशांचे हे ऋण वाचकांनी ध्यानी ठेवावे.