डोंगराची शर्यत

शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सपाट मैदान येते. फक्कीच्या रेघा, शिट्टी आणि शंभर पावलांत संपणारी धाव. आता नाशिककडच्या कित्येक शाळांना धड मैदान नसेल, पण जवळपास डोंगर बहुधा असतोच. मग शर्यत त्याच्यावरच का घेऊ नये? गावच्या देवळापासून निघायचे, माथ्यावरच्या निशाणाला हात लावायचा आणि परत देवळाशी यायचे. उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी उरकेल असा हा खेळ आहे.

इंग्लंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात गावच्या जत्रांतून अशा शर्यती फार वर्षांपासून चालत आल्या आहेत. तिथला जॉस नेलर हा मेंढ्या पाळणारा शेतकरी. त्याने १९७५ साली एका दिवसरात्रीत ७२ शिखरे पालथी घातली! आपल्याकडे साताऱ्याला २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटाने एकवीस किलोमीटरांची शर्यत होते. पण ती पावसाळ्यात, सकाळी आणि डांबरी रस्त्याने. आपली शर्यत पायवाटेची आहे, तिचे तंत्र निराळे.

आपला डोंगर नीट पाहा. तो एकसारखा चढत नाही, टप्प्याटप्प्याने चढतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. टणक थराचा कडा झाला आणि मऊ थर झिजून त्याची उतरती सपाटी झाली. शर्यतीची सारी युक्ती इथेच आहे. कड्याच्या अंगाला चालायचे आणि सपाटीला धावायचे. चालणे म्हणजे हार नव्हे, बरे का! उभ्या चढावर मोठमोठे धावणारेही गुडघ्यांवर हात रोवून चालतात. देवळापासून जो उधळलेल्या खोंडासारखा सुटतो, त्याला पहिल्याच टप्प्यावर धाप लागते आणि मागून चालत आलेली पोरे त्याला ओलांडून जातात.

चढाला दम लागतो, पण खरी कसोटी उताराला. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू एकीकडे ताणला जातो आणि त्याच वेळी शरीराचा भार रोखून धरतो. म्हणून दुसऱ्या दिवशी उकिडवे बसवत नाही. त्यातून वाटेवर मुरूम असेल तर ज्वारीच्या दाण्यांवर पाय पडावा तशी गत होते. घाबरून मागे रेललात तर टाच सटकलीच म्हणून समजा. पाऊल आखूड टाकावे, गुडघे किंचित वाकलेले असावेत, हात मोकळे ठेवावेत आणि नजर पायांशी न ठेवता तीन-चार पावले पुढे असावी. गुराख्याच्या पोराला हे कुणी शिकवावे लागत नाही.

मुलींना मात्र आग्रहाने उतरवा. डोक्यावर हंडा घेऊन जी रोज टेकाड चढते, तिचा अर्धा सराव झालेलाच असतो. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत अशाच डोंगरवाटांवर वाढली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरला कांस्यपदक घेतले आणि त्याच वर्षी चीनमध्ये आशियाई स्पर्धेत रौप्य. पाड्यावरची अशी मुलगी कुणाच्या तरी नजरेस पडावी लागते, आणि ती नजर बहुधा गुरुजींची किंवा बाईंचीच असते.

आता वेळेचे पाहू. इंग्लंडात उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो. आपल्याकडे मे महिन्यात सातच्या सुमारास सूर्य मावळतो आणि लगोलग काळोख पडतो. उशिरा निघालो तर उतार अंधारात येणार. लवकर निघालो तर कातळ अजून तापलेला! याला तोड अशी, की वाट डोंगराच्या पूर्व अंगाची निवडावी. तिथे दुपार कलली की सावली येते. साडेपाचला निघावे, आणि माथा गाठून परत यायला मुलांना पाऊण तासाहून अधिक लागेल इतका उंच डोंगर घेऊच नये. पांडवलेणीचा डोंगर नाशिककरांच्या रोजच्या पायाखालचा खरा, पण पायऱ्यांवरच्या गर्दीत शर्यत नको.

निघण्यापूर्वी अर्धा तास सर्वांना पाणी पाजा. मीठ घातलेले पातळ ताक असेल तर उत्तमच. वाटेत कुणी मूल अडखळू लागले, असंबद्ध बोलू लागले, अंग भट्टीसारखे तापले, तर शर्यत त्याच्यापुरती तिथेच संपली. ‘थोडेच राहिले, चल’ असे म्हणू नका. सावलीत निजवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि गाडी दवाखान्याकडे काढा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

माथ्यावर एक जाणता माणूस बसवा. पोचलेल्या प्रत्येकाच्या हाती त्याने कडुनिंबाची डहाळी द्यावी आणि वहीत नाव टिपावे. वाट चुकवणारे त्यात सापडतात हा एक फायदा. पण वही मुख्यतः मोजणीसाठी. सर्वांत मागून एक मोठा मुलगा कंदील किंवा विजेरी घेऊन यावा. देवळाशी पुन्हा नावे वाचा. वर गेलेले आणि खाली आलेले यांचा आकडा जुळला, की मग बक्षिसे वाटायला घ्या.